कातड्यांवर चालणारा पेपर

लॉरी सकाळपासून दारात उभी होती आणि माझे मालक, म्हणजे घरधनी, अंगठा द्यायला तयार नव्हते.

त्यांची मान एका बाजूनं सुजून खांद्याशी एक झाली होती. मधोमध काळपुळी, विझलेल्या कोळशाच्या खड्यासारखी. ही पुळी दुखत नाही, हीच तिची खोड. माणसाला वाटतं फोड आहे, बसेल. आदल्या दिवशी कातिबमियाँ, म्हणजे आमचा पेपर हातानं लिहिणारे म्हातारे, याच पुळीनं गेले होते. त्यांना दफन करून आलेल्यांच्या पायांवरचा चिखल अजून वाळला नव्हता.

औषध होतं, पण देहूरोडच्या लष्करी दवाखान्यात. लोणावळ्याच्या डॉक्टरनं पुण्याला तार करून पाहिली. तिथलं सगळं पलटणीनं उचललेलं. लष्करी दवाखाना बाहेरच्या माणसाला आत घेत नव्हता, तिथल्या लष्करी डेपोच्या हजेरीपटावर नाव असलेल्या मजुराला घेत होता. म्हणून डेपोला माल पुरवणारा ठेकेदार हजेरीचा कागद आणि लॉरी घेऊन आला होता. दोघांनी मजूर म्हणून नाव लावायचं की गाडी निघाली. एक माझे मालक, दुसरे चाचा, ज्यांचा तो पेपर. चाचांच्या हातावर कोपराखाली तसलीच पुळी होती.

आणि चाचांनी लढाई सुरू झाल्यापासून एकच गोष्ट सांगितली होती. या सरकारच्या लढाईला माणूस द्यायचा नाही, पैसा द्यायचा नाही, डेपोत मजुरीसुद्धा करायची नाही.

"तू अंगठा दे, गड्या," चाचा म्हणाले. "माझं सोड."

"तुमी न्हाई तर मी बी न्हाई," मालक म्हणाले. त्यांना थुंकी गिळता येत नव्हती, पण हट्ट करता येत होता.

चाचा मावळातले मुसलमान. त्यांच्या बापाची कामशेतच्या बाजूला भाताची दोन खाचरं होती. दाढी, टोपी आणि लांब डगला बघून नवा माणूस त्यांना मुंबईचा मौलवी समजायचा, पण तोंड उघडलं की चाचा आमच्यासारखंच बोलायचे. लोणावळ्याच्या बाजारामागं पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा छापखाना होता. तिथून ते आठवड्याला चार पानांचा उर्दू पेपर काढत. त्या वेळी मुसलमानांत दोन-तीन पक्ष होते. कुणी सरकारच्या बाजूनं, कुणी वेगळा मुलूख मागणारे. चाचांची जमात, म्हणजे त्यांचा पक्ष, गरिबांची होती, विणकर, खाटीक, हमाल असल्यांची. त्यांचं म्हणणं, इंग्रजाची लढाई इंग्रजानं लढावी.

मी तिथं दगड घासायला होते. पेपर दगडावर छापत. कातिबमियाँ पिवळ्या कागदावर तेलकट शाईनं लिहायचे, तो कागद ओल्या दगडावर दाबला की अक्षरं दगडावर उलटी उतरायची, मग त्यावर शाईचा रूळ आणि कोरा कागद. माझे मालक चाक फिरवायचे. छापून झालं की मी दगडावर वाळू-पाणी टाकून दुसऱ्या दगडानं घासायची, सगळी अक्षरं जाईपर्यंत. मी मराठी चौथी शिकलेली. उर्दूचं मला एक अक्षर येत नव्हतं, पण दर आठवड्याची उर्दू मीच पुसत होते.

आम्ही वडिवळ्याचे. मी छापखान्यात जाते म्हटल्यावर सासूनं एवढंच सांगितलं, की तिथल्या कातड्यांना हात लावलास तर माझ्या चुलीला लावू नकोस. कातड्यांचं पुढं सांगते. मी तो शब्द पाळला. चाचांनीही मला कधी कातडं उचलायला सांगितलं नाही.

पेपर विकत घेणारे बरेचसे वाचू न शकणारे होते. म्हणून चाचा शुक्रवारच्या नमाजानंतर स्टेशनजवळच्या चहाच्या दुकानात तो मोठ्यानं वाचून दाखवायचे, आधी उर्दूत, मग मराठीत. सरकारचा माणूस छापायच्या आधी मजकूर तपासून त्यातल्या ओळी काढायचा. काढलेल्या ओळींच्या जागी चाचा दुसरं काही भरत नसत, जागा कोरी सोडत. आणि वाचताना ती कोरी जागा आली की तेवढा वेळ गप्प उभे राहत. दोन ओळी असल्या तर थोडं, आख्खा रकाना असला तर बराच वेळ. चहा गार व्हायचा, पण कुणी उठायचं नाही. फौजदाराचा एक शिपाई ऐकायला बसलेला असे. तो एकदा म्हणाला, "चाचा, तुमचं गप्प बसणं आता गुन्ह्यात धरायला लागंल."

"धर की," चाचा म्हणाले. "पर लिवशील काय?"

लढाईत कागद मिळेनासा झाला. सरकार ठरवून देईल तेवढाच, आणि सरकारला आवडेल त्याला. चाचांनी पतंगाच्या कागदावर पेपर काढला. एक आठवडा गुलाबी, एक हिरवा. वाचून झाला की पोरं त्याचे पतंग करायची. चाचांना त्याचा राग नव्हता. पेपर वर गेला म्हणजे पेपराचं नाव वर गेलं, असं म्हणायचे.

त्यांना स्वतःची अशी बंधनं फार. रेल्वेत बसायचे नाहीत, कारण ती पलटणीला नेते. पुण्याला जायचं तरी पायी किंवा कुणाच्या बैलगाडीत. चामड्याचं पायताण लढाई सुरू झाली तेव्हा काढलं आणि लाकडी खडावा घातल्या, कारण चामडं सगळं बुटांना जातं. लोणावळ्याच्या पावसात खडावा म्हणजे घसरायचं काम. बाजारात महिन्यातून एकदा तरी चाचा आपटायचे. उठताना इकडंतिकडं बघायचे नाहीत, टोपी झटकायची आणि चालू लागायचं. मी एकदा म्हटलं, चाचा, तुम्ही पडल्यानं इंग्रजाचं काय जातं? ते म्हणाले, "इंग्रजाचं काय जात न्हाई. माझं ऱ्हातं."

कामशेतच्या बाजारात भरतीवाले आले होते तेव्हाची गोष्ट तर सगळ्या मावळाला माहीत होती. भरतीवाल्यांनी झाडाखाली टेबल मांडलं, गाणी वाजवायचं यंत्र लावलं, पगार किती, कपडे किती, खायला काय, ते सांगायला लागले. पोरं जमली. चाचांनी शेजारी सतरंजी टाकली आणि न जाणाऱ्यांची भरती सुरू केली. जो म्हणेल की मी लढाईला जाणार नाही, डेपोतही जाणार नाही, त्याचा अंगठा एका कापडावर घ्यायचा आणि त्याला गूळ-शेंगदाणे द्यायचे. गुळासाठी म्हणून लहान पोरांनीही अंगठे दिले. म्हाताऱ्या बायकांनी दिले. एक आंधळा म्हणाला, मला कोण नेतंय, पण घ्या माझा बी. भरतीचा सुभेदार आधी हसत होता, मग त्याच्या टेबलासमोर माणूस राहिना. संध्याकाळी पोलिसांनी चाचांना नेलं. कापडही नेलं. चाचा सुटून आले ते एकाच गोष्टीवर खूष होते. फौजदारानं गूळ मात्र जागेवरच सोडला होता.

त्या कापडावर पहिला अंगठा माझ्या मालकांचा होता. डेपोत तेव्हा शेतमजुरीच्या दुप्पट मिळत होतं. आमच्या वडिवळ्यातली अर्धी तरणी पोरं देहूरोडला जायला लागली. आम्ही चाचांकडं जे मिळेल त्यावर राहिलो. मला ते पटत होतं असं नाही. मी बोलून दाखवायची, मालक ऐकून घ्यायचे आणि चाक फिरवायला जायचे.

आता कातड्यांचं. जमातीला श्रीमंतांचा पैसा नव्हता. पेपर चालायचा तो बकरी ईदच्या कातड्यांवर. कुर्बानी झाली की मटणाचे वाटे होतात, कातडं मात्र दान द्यायचं असतं. ते चाचांच्या जमातीला मिळायचं. चाचा हातगाडी घेऊन खंडाळ्यापासून तळेगावापर्यंत दारोदार जायचे. मजा अशी की त्यांना बकरं कापलेलं बघवत नसे. दारात पाठ करून उभे राहायचे, डोळे मिटून, पोतं मागच्या मागं उघडं धरून. कातडं पोत्यात पडलं की म्हणायचे, झालं का? मग डोळे उघडायचे. लोक त्यांची चेष्टा करायचे. बायका म्हणायच्या, चाचांना सरकारची भीती नाही, बकऱ्याची आहे.

ती कातडी मीठ लावून शेडमागच्या खोलीत रचायची आणि विकायची. पहिल्यापासून ती विकत घेत होता तोच ठेकेदार, चाचांचा सख्खा मावसभाऊ. लढाई आली आणि तो डेपोला चामडं पुरवायला लागला. कातड्याला कधी नव्हे तो भाव आला. त्याच वेळी चाचांनी त्याला विकणं बंद केलं. अल्लाच्या नावानं दिलेलं कातडं पलटणीच्या बुटात जाणार नाही, म्हणाले. वर पेपरात त्याच्यावर मजकूर काढला, त्याचं नाव 'बूटवाला' ठेवलं. भाऊ छापखान्यात येऊन म्हणाला, "दादा, शिव्या दे, पर कातडी दे. तुझाच पेपर चालंल." चाचांनी त्याला चहा पाजला आणि कातडं दिलं नाही.

जमातीच्या मुंबईच्या कचेरीतूनही माणूस आला. लढाई लांबली तशी कचेरीची भाषा मऊ झाली होती. तिथं त्यांचा मोठा पेपर होता, त्याला कागद लागत होता, आणि ठेकेदार कचेरीला वर्गणी देत होता. तो माणूस आमच्या चाकाशेजारी उभा राहून चाचांना समजावत होता की चळवळ मोठी आहे, बूट छोटी गोष्ट आहे. चाचांनी त्याचे पाय बघितले. नवे बूट होते. पुढं बोलणं झालं नाही.

मग कातडी जायची गावोगावच्या चप्पल करणाऱ्यांना, ढोलकी-ताशा मढवणाऱ्यांना. ते किती घेणार? बाकीची मिठात पडून राहायची. कातिबमियाँ कुरकुरायचे. त्यांना त्या वासात लिहायला लागायचं. ते लखनौकडचे, अक्षर मोत्यासारखं, नाक नाजूक.

त्या साली बकरी ईद थंडीत आली. चाचा गाडी घेऊन तळेगावाकडून येत होते तेव्हा वाटेत एक धनगर भेटला. त्याच्या मेंढ्यांचा सरकारी कुरणातला दंड चाचांनी अर्ज लिहून माफ करून दिला होता. तो धनगर म्हणाला, तुमचा सण आहे, माझंही एक कातडं घ्या. मेंढी आदल्या दिवशी चरता चरता पडली आणि मेली होती. चाचांनी ते कातडं गाडीत टाकलं.

शेडमध्ये कातिबमियाँनी ते ओळखलं. हे कुर्बानीचं नाही, मेलेल्या जनावराचं आहे, मुर्दार आहे, बाकीच्यांत टाकू नका, म्हणाले. चाचांनी त्यांना धर्मातलंच उत्तर दिलं, की कमावलं की कातडं पाक होतं. कातिबमियाँ म्हणाले, कमावल्यावर होईल, आज नाही. मग चाचा म्हणाले, "त्यानं दोन्ही हातांनी दिलं. माझ्यानं परत न्हाई देववलं." आणि ते ढिगात गेलं. कुर्बानीचं जनावर निरोगीच लागतं, लंगडं चालत नाही, काणं चालत नाही. त्यामुळं इतकी वर्षं आमच्या ढिगात रोगाचं कातडं कधी आलं नव्हतं. एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही, माझ्याही नाही.

आषाढात लोणावळ्याच्या घरात मिठाचं बरणीतच पाणी होतं. ढिगावरचं मीठ वितळून वाहायला लागलं, कातडी बुळबुळीत झाली, शेजारचे भांडायला आले. तेव्हा तिघांनी मिळून ढीग उपसला. चाचा आणि कातिबमियाँ वरून काढून देत होते, माझे मालक मानेवर घेऊन मागच्या ओसरीत नेत होते. नवं मीठ लावून पुन्हा रचली. मी आत दगड घासत होते. थोड्या दिवसांनी कातिबमियाँच्या मनगटावर पुळी दिसली, मग मालकांच्या मानेवर, मग चाचांच्या हातावर.

ठेकेदाराला कुणी बोलावलं नव्हतं. कातिबमियाँ गेल्याचं ऐकलं आणि तो आपणहून लॉरी घेऊन आला. त्याच्याबद्दल चाचांच्या पेपरात इतकं आलं होतं, पण त्या दिवशी त्यानं एकदाही त्याची आठवण काढली नाही. तो दारात भिजत उभा राहिला आणि पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला, दादा, नाव लाव, गाडीत बस.

चाचा मालकांना समजावत होते. तुझ्या अंगठ्यातून मी तुला मोकळं केलं, म्हणाले. ते कापड पोलिसांकडं आहे, जळलंही असेल. मालक म्हणाले, कापड जळलं तरी अंगठा हितंच हाय. एका अंगठ्यानं दोन बोल्या मी करणार न्हाई. तुमी केल्या तर मग बोलीच ऱ्हायली न्हाई, मग मी मोकळा.

दुपार झाली. मालकांचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. चाचा माझ्याकडं वळले. "सूनबाई, हा ऐकायचा न्हाई का?"

"न्हाई ऐकायचा," मी म्हटलं. "तुमीच शिकवलंय."

मी थांबले नाही.

"चाचा, तुमचं तत्त्व मोठं असंल. मला त्यातलं कळत न्हाई. पर ह्यांचा जीव तुमच्या सहीत अडकलाय. तो सोडवा."

ते खडावा काढून आत गेले. मला वाटलं, नमाज पढतील. ते कातिबमियाँच्या जागेवर गेले, त्यांचा बोरू आणि दौत घेऊन बाहेर आले. ठेकेदारानं आपलं पेन पुढं केलं होतं, त्याच्याकडं बघितलं नाही. हजेरीच्या कागदावर त्यांनी आपलं नाव लिहिलं, पेपरावर छापतात तेवढं मोठं, दुसऱ्या तिघांची जागा अडवून. मग कागद मालकांच्या पुढं धरला. मालकांनी अंगठा दिला. ठेकेदारानं मान खाली घालून कागद घडी केला. तो जिंकला होता, पण त्याच्या तोंडावर तसं काही नव्हतं.

या सहीनं चाचांचा पेपर बुडाला. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी शेवटचा अंक काढला. कातिब नव्हते, म्हणून स्वतःच लिहिला. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं. दगड मीच घासून दिला. त्यात एवढाच मजकूर होता, की या पेपराच्या संपादकानं देहूरोडच्या डेपोत मजूर म्हणून सही केली आहे, त्याच्या सांगण्यावरून ज्यांनी तिथली मजुरी सोडली त्यांनी येऊन त्याला जाब विचारावा. पत्ता खाली होताच.

लोक आले. कामशेतचा एक जण आला, त्यानं चाचांच्या शब्दावर डेपोची नोकरी नाकारली होती आणि त्या सालात बैल विकला होता. तो दारात उभा राहून वाटेल ते बोलला. चाचा उभे राहून ऐकत होते. कुणाचंही बसून ऐकलं नाही. मुंबईच्या मोठ्या पेपरात आलं, की लोणावळ्याचा म्हातारा सरकारला विकला गेला. ज्यांनी ठेकेदाराची वर्गणी घेतली होती त्यांनीच चाचांना जमातीतून काढलं. पुढच्या ईदला चाचांच्या पोत्यात कुणी कातडं टाकलं नाही. ती सगळी सरळ ठेकेदाराच्या गोदामात गेली. छापायचे दगड लोकांनी पायरीला नेले.

सही का केली, हे चाचांनी कुणाला सांगितलं नाही. मला राहवलं नाही. मी म्हटलं, मी सांगते सगळ्यांना, त्या चहाच्या दुकानात जाऊन सांगते. ते माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचं रागावले.

"तुझ्या माणसाचं नाव पुढं करून माझी सही धुऊन घेऊ?" म्हणाले. "माझ्या हातानं झाली. ती माझीच."

म्हणून ते असेपर्यंत मी गप्प राहिले. आता सांगायला हरकत नाही.

दवाखान्याचं राहिलं. लॉरीत मी मालकांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, चाचा समोर, ताडपत्रीचं टोक धरून, आमच्यावर पाणी येऊ नये म्हणून. देहूरोडला पोचलो तेव्हा दिवस मावळला नव्हता. दोघांना शेजारच्या खाटा दिल्या, सुया दोघांना लागोपाठ दिल्या. मी डॉक्टरला विचारलं, सकाळी आणलं असतं तर? तो म्हणाला, सांगता येत नाही. तेवढं उत्तर मला मिळालं, ते मी ठेवून घेतलं.

चाचांची सूज दुसऱ्या दिवशी उतरायला लागली. मालकांची मानेतून आत छातीकडं गेली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा श्वास थांबला. चाचा शेजारच्या खाटेवर जागे होते.

पुळी तिघांना झाली. कातिबमियाँ गेले, माझे मालक गेले. चाचा वाचले.